बाई कुठल्या पट्टीत गात होत्या?

एका शाळेच्या शताब्दीनिमित्त भरलेल्या प्रदर्शनात आम्हाला एक काम सांगितलं होतं. काम तसं किरकोळ. माजी विद्यार्थ्यांनी आणून दिलेल्या जुन्या वस्तूंमध्ये चावीचा एक फोनो होता आणि त्याबरोबर अठरा रेकॉर्ड. फोनो बंद होता. ‘तुम्ही विज्ञानवाले, तेवढा चालू करून द्या,’ असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. वाळलेलं वंगण काढलं, नवं घातलं, गंजलेल्या सुया बदलल्या आणि यंत्र फिरू लागलं. मुलं भोवती जमली. आम्ही अठरांपैकी सर्वांत जुनी दिसणारी रेकॉर्ड लावली. (आता हे सांगताना लाज वाटते. अशी रेकॉर्ड पोलादी सुईखाली घालायची नसते. त्याबद्दल पुढे येईलच.)

रेकॉर्डवर गाणं एकाच बाजूला होतं, दुसरी बाजू कोरी. लेबल निम्मं झिजलेलं. त्यावर सगळ्यांच्या ओळखीचा कुत्रा नव्हता. हातात लेखणी घेऊन बसलेला पंखवाला देवदूत होता. म्हणजे रेकॉर्ड कुत्र्याच्या छापाच्या आधीची, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. गायिकेचं नाव गेलेलं. खरखरीतून एका बाईंचा आवाज आला. मागे पेटी आणि तबला. अडीच-तीन मिनिटं गाणं झालं आणि अगदी शेवटी, गाणं संपताच, बाई काहीतरी बोलल्या. मुलं हसली, कारण ते बोलणं एखाद्या लहान मुलीसारखं चिरचिरीत आणि घाईघाईचं होतं.

गर्दीत शाळेच्या निवृत्त संगीत शिक्षिका उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘सूर चढलाय. मोठी बाई अशी बोलत नाही.’

आम्ही घड्याळ काढलं. रेकॉर्डच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि मिनिटाभरात तो किती वेळा समोरून जातो ते मोजलं. चौऱ्याऐंशी वेळा! खरं तर ७८ वेळा जायला हवा होता. फोनोचा गव्हर्नर सैल पडला होता. स्क्रू पिळून वेग ७८वर आणला आणि रेकॉर्ड पुन्हा लावली. शिक्षिका म्हणाल्या, ‘बरं वाटतंय. पण अजूनही किंचित वरच आहे का, हे मी सांगू शकणार नाही.’

त्या वाक्यानं आम्हाला पुढचे काही महिने कामाला लावलं. रेकॉर्डवर वेग लिहिलेला नाही. गाणाऱ्या बाई हयात नाहीत. मग त्या मूळ कुठल्या पट्टीत गात होत्या, हे आज कसं ठरवायचं?

वेगाचा आणि सुराचा संबंध वर्गात सहज दाखवता येतो. रेकॉर्डवरची चरी म्हणजे कडेपासून मध्याकडे जाणारी एकच लांब वळणदार रेघ. स्वराच्या कंपनांप्रमाणे ती डावी-उजवीकडे नागमोडी कोरलेली असते. ही आडवी नागमोड एमिल बर्लिनरची. त्यानं १८८७ साली ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. त्याच्या दहा वर्षं आधीचा एडिसनचा फोनोग्राफ नळकांड्यावर, खाली-वर खोलीचे खड्डे पाडत चालायचा. सपाट तबकडीचा मोठा फायदा असा, की एकदा ठसा तयार झाला की पापड लाटावेत तशा हजारो प्रती दाबून काढता येतात. आता सेकंदाला सुईखालून २२० नागमोडी गेल्या, तर आपल्याला २२० हर्ट्झचा स्वर ऐकू येतो. रेकॉर्ड दहा टक्के जोरात फिरवा, २४२ नागमोडी जातील. गाण्याची लयही दहा टक्क्यांनी वाढेल आणि स्वरही तेवढाच चढेल. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये सुमारे सहा टक्क्यांचं अंतर असतं (नेमकं सांगायचं तर १.०५९५ पट, ही संख्या बारा वेळा स्वतःशी गुणली की २ येतात, म्हणजे सप्तक पूर्ण होतं). त्यामुळे ७८ऐवजी ८२.६ फेऱ्यांचा वेग लागला तर गाणं बरोबर एक पट्टी चढतं, आणि ७३.६ लागला तर एक पट्टी उतरतं.

दहा इंची रेकॉर्डवरची ही चरी किती लांब असेल? बाहेरची त्रिज्या १२ सेंटिमीटर, आतली ५, सरासरी साडेआठ. एका फेरीत सुमारे ५३ सेंटिमीटर. तीन मिनिटांत २३४ फेऱ्या. म्हणजे जवळपास सव्वाशे मीटर! सातवीच्या मुलांना हे गणित जरूर द्या. त्यांना त्यापुढचा प्रश्नही विचारा: कडेला आणि मध्याशी सुईखालून चरी सारख्याच वेगानं सरकते का? उत्तर नाही असं आहे. कडेला सेकंदाला सुमारे ९८ सेंटिमीटर, मध्याजवळ ४१. तेवढ्याच नागमोडी निम्म्याहून कमी जागेत कोंबल्यामुळे बारीक तपशील तिथे पुसट होतो आणि सुईनं झीजही तिथेच जास्त जाणवते. आमच्या रेकॉर्डवरचं बाईंचं ते बोलणं नेमकं याच आतल्या भागात आहे.

पण गाऊन झाल्यावर बाई बोलल्या का? त्यासाठी १९०२ सालच्या कलकत्त्याला जावं लागतं.

लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनं फ्रेड गेसबर्ग नावाच्या तंत्रज्ञाला आशियाच्या दौऱ्यावर पाठवलं होतं. वरकरणी संगीत गोळा करायला, खरं पाहता बाजारपेठ उघडायला. फोनो विकायचे तर लोकांना त्यांचं स्वतःचं गाणं ऐकायला मिळालं पाहिजे, एवढा साधा हिशेब. नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात त्यानं ध्वनिमुद्रणं केली. त्यांत गौहर जान होत्या, तेव्हा वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर. मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून बाहेर आलेल्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या दाबानं पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या जाड तबकडीवर चरी कोरायची. ती मेणाची तबकडी बोटीनं जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथे तिच्यावरून धातूचा ठसा आणि ठशावरून रेकॉर्डी निघायच्या. हॅनोव्हरच्या कारखान्यातल्या माणसाला ठुमरी आणि दादरा यांतलं काही कळणार नाही, गाणारी कोण हे तर नाहीच. म्हणून कलाकारानं शेवटी आपलं नाव मोठ्यानं सांगायचं, अशी रीत पडली असं सांगतात. गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगायच्या आणि ती त्यांची खूणच होऊन बसली. १९०८ साली कलकत्त्याला सियालदह इथे कारखाना निघाला आणि हॅनोव्हरची वारी थांबली.

तर आमच्या बाई जे बोलल्या ते त्यांचं नाव होतं.

त्या पहिल्या काही वर्षांत कर्ण्यापुढे कोण आलं आणि कोण आलं नाही, याची यादी मोठी बोलकी आहे. आल्या त्या मुख्यतः गाण्यावर पोट असलेल्या बाया: नावापुढे ‘जान’ किंवा ‘बाई’ लावणाऱ्या, ज्यांना प्रतिष्ठित घरांत माडीवरच्या म्हणून नावं ठेवली जायची. त्यांनी नव्या यंत्राची भीती बाळगली नाही. तीन मिनिटांत मुखडा, अंतरा, दोन-चार ताना आणि नाव, हे सगळं बसवण्याची कला त्यांनी कोणी न शिकवता साधली. वरच्या स्वराला मान मागे, खालच्या स्वराला पुढे. नाहीतर सुई मेणात उडी मारायची. मोठे उस्ताद आणि बुवा बराच काळ दूर राहिले. आवाज यंत्रात गेला की गळा जातो, घराण्याची चीज बाजारात जाते, तासाभराचा राग तीन मिनिटांत मांडणं म्हणजे विटंबना, अशी कारणं सांगितली जातात. शेवटचं कारण आम्हाला अगदीच चुकीचं वाटत नाही.

परिणाम मात्र कायमचा झाला. ज्यांच्या गाण्यावर महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या बोलत आला ते भास्करबुवा बखले १९२२ साली गेले आणि त्यांची एकही रेकॉर्ड मागे नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६पर्यंत होते; त्यांचीही नाही. किर्लोस्कर मंडळीतले भाऊराव कोल्हटकर, ज्यांच्या पदांसाठी लोक नाटकाला जायचे, ते फेब्रुवारी १९०१मध्ये वारले. गेसबर्ग आला तो त्यानंतर जेमतेम एकवीस महिन्यांनी. भाऊरावांचा आवाज कसा होता हे आता फक्त विशेषणांतून कळतं. आणि जिचं नावही आम्हाला ठाऊक नाही त्या बाईंचा आवाज आमच्या हातात आहे!

हा आवाज कशात साठला आहे तेही पाहण्यासारखं आहे. आज ‘व्हायनल’ म्हणून ज्यांची हौस पुन्हा वाढली आहे त्या प्लॅस्टिकच्या रेकॉर्डी १९४८ नंतरच्या. त्याआधीची पन्नास वर्षं रेकॉर्ड म्हणजे लाख. टपालाच्या पाकिटावर सील करायची, बांगड्यांची, पांडवांच्या घराची लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक इवलासा कीटक राहतो. रस शोषून तो अंगातून राळ पाझरतो आणि तिच्याच कवचाखाली जगतो. ते कवच खरवडून, धुऊन, वितळवून चपडा लाख बनते. जगाला ती मुख्यतः भारतातून, त्यातही छोटा नागपूरच्या जंगलांतून जायची; रांचीजवळ नामकुमला तिच्यावर संशोधन करणारी संस्था १९२४पासून आहे. रेकॉर्डमध्ये लाख साधारण पाव हिस्सा, बाकी दगडाची बारीक पूड, थोडे तंतू आणि काजळी. लाख ऊष्णतेनं मऊ होते आणि ठशाची बारीकातली बारीक रेघ उचलते. दगडाची पूड कशाला? वजनदार साउंडबॉक्सखाली, शंभर ग्रॅमहून अधिक भारानं, पोलादी सुई चरीत रुतलेली असायची. त्या पुडीनं सुईचं टोक पहिल्या काही फेऱ्यांतच घासून चरीच्या आकाराचं व्हायचं. म्हणून दर बाजूला नवी सुई. सुईनं चरी खाऊ नये, चरीनं सुई खावी, अशी ही योजना होती. प्रत्यक्षात दोघी एकमेकींना खायच्या. म्हणूनच आम्ही वर लाज वाटते म्हणालो. आता आम्ही ती रेकॉर्ड तीन-चार ग्रॅमच्या हलक्या पिकअपवर आणि जाड टोकाच्या सुईनं वाजवतो. एलपीची बारीक सुई या रुंद चरीच्या तळाशी नुसती खडखडत जाते.

गंमत अशी, की आदिवासी पाड्यावरून निघालेली लाख हॅनोव्हरला जायची, तिथे तिच्यावर कलकत्त्याचं गाणं उमटायचं आणि ती परत इथेच विकायला यायची. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात कापसाची आणि मँचेस्टरच्या कापडाची गोष्ट असते. तिच्या शेजारी ही ठेवायला हरकत नाही.

ऐकणाऱ्यांचं काय झालं? मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला ‘वन्स मोअर’ची सवय होतीच. पडदा पडेपर्यंत एकाच पदाला चार-पाच वन्स मोअर घेणारी मंडळी. रेकॉर्डनं त्या वन्स मोअरला मर्यादाच ठेवली नाही. बालगंधर्व, केशवराव भोसले, दीनानाथ मंगेशकर यांची पदं ज्या गावात नाटक मंडळी कधी फिरकली नाही तिथे पोचली. ज्याच्याकडे फोनो त्याच्या ओट्यावर संध्याकाळी गाव. दुकानदार गिऱ्हाईक जमवायला दारात फोनो लावायचा आणि विकत घेण्याची ऐपत नसलेली मुलं तिथे तासन्‌तास उभी राहायची. गदगचा एक मुलगा अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून असा झपाटला, की अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून गेला. ते भीमसेन जोशी. कर्ण्यातून आलेल्या तीन मिनिटांनी एक आयुष्य ठरवलं. आमच्या मनात मात्र आता भलताच प्रश्न येतो: त्या फोनोचा गव्हर्नर नीट होता का?

हा प्रश्न थट्टेचा नाही. गव्हर्नर म्हणजे जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनावरची युक्ती, लहान आकारात. पातळ पट्ट्यांवर बसवलेली वजनं आसाभोवती फिरतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, एक चकती सरकते आणि चामड्याच्या तुकड्यावर घासून वेग कमी करते. चामडं वाळलं, स्क्रू ढिला झाला की संपलं. मुद्रण करणारी यंत्रं याहून चांगली असायची. त्यांतली पुष्कळशी घड्याळासारखी खाली उतरणाऱ्या वजनावर चालत. पण त्यांनी कुठल्या वेगानं चालायचं यावरच सुरुवातीला एकमत नव्हतं. सत्तरीपासून ऐंशीच्या थोडं वरपर्यंत सगळे वेग सापडतात. ७८ हा आकडा पुढे पक्का झाला तो विजेच्या मोटारीमुळे. अमेरिकेत मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या मोटारीला ४६ : १चे दाते लावले की ७८.२६ येतात. आपल्यासारख्या ५० हर्ट्झच्या देशांत ३००० फेऱ्यांना ३८.५नं भागून ७७.९२. आणि मग सगळ्याच जुन्या रेकॉर्डना ‘सेव्हन्टी-एट’ म्हणायची पद्धत पडली, ज्या तशा नव्हत्या त्यांनाही.

वेग मोजण्याची सोपी चकती शाळेत करता येते. चोक-स्टार्टरची जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा, मिनिटाला ६००० वेळा लुकलुकते. कागदाच्या ४६२ मिलिमीटर लांब पट्टीवर दर ६ मिलिमीटरला एक, अशा ७७ काळ्या रेघा काढा आणि ती १४.७ सेंटिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या कडेला चिकटवा. पुठ्ठा फोनोवर फिरवत ट्यूबखाली पाहा. वेग ७७.९२ असेल तर दर लुकलुकीला एक रेघ पुढच्या रेघेच्या जागी येते आणि रेघा थबकल्यासारख्या दिसतात. पुढे सरकताना दिसल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. एलईडीखाली बहुधा काही दिसणार नाही. तेही मुलांना करून पाहू द्या आणि कारण शोधायला लावा.

आम्ही हे सगळं केलं आणि वेग अचूक ७८वर ठेवून गाण्याचा षड्ज मोजला. तो २२६ हर्ट्झ निघाला. आजच्या पेटीवर पांढरी सहा २२० हर्ट्झला असते आणि काळी पाच २३३ला. २२६ हा त्यांच्या मधला, कुठल्याच पट्टीवर न बसणारा. आणि मागे तर पेटी वाजते आहे! पेटीचा सूर गायकाच्या मर्जीनं हलत नाही. म्हणजे एक तर बाई पांढरी सहामध्ये गात होत्या आणि मूळ वेग ७५.९ होता, किंवा काळी पाचमध्ये होत्या आणि वेग ८०.४. आणखी एक पट्टी खाली धरली तर ७१.६. तीन उत्तरं. आता त्यांतलं एक निवडायचं.

इथे बाईंच्या बोलण्याचा उपयोग झाला. बोलण्याला पट्टी नसते, पण घाट असतो. आ, ई, ऊ हे स्वर आपण ओळखतो ते घशाच्या आणि तोंडाच्या पोकळीत घुमणाऱ्या ठरावीक कंपनांवरून, आणि त्या पोकळीचा आकार माणसाला हवा तसा बदलता येत नाही. वेग चढवला की ती पोकळी लहान झाल्यासारखी, बाहुलीच्या आकाराची भासते. उतरवला की राक्षसाची. ८०.४ला बाई शाळकरी मुलगी वाटतात, ७१.६ला त्यांना सर्दी झालेली वाटते. हॅनोव्हरच्या कामगारासाठी सांगितलेलं नाव आता वेगाचा पुरावा झालं होतं. शिक्षिकांना आणि आणखी चौघांना वेग न सांगता वेगवेगळ्या तऱ्हेनं ऐकवलं. ७४ ते ७८ यांच्यामध्ये सगळ्यांनाच बोलणं मोठ्या बाईचं वाटलं. त्यात बसतं ते ७५.९.

इथे थांबलो असतो तर छान झालं असतं. पण पेटीचा आजचा सूर, ज्यात मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० हर्ट्झ असते, तो आंतरराष्ट्रीय संकेत १९३९ सालचा. त्याआधी फ्रान्समध्ये १८५९पासून ४३५ चालायचा, आणि इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात ४५२च्या आसपासचा चढा सूरही होता. पेटीच्या पत्त्या तेव्हा युरोपातून यायच्या. बाईंच्या साथीची पेटी ४३५ची असेल तर वेग ७५.१ येतो. ४५२ची असेल तर? ४५२चं निम्मं २२६. म्हणजे ७८च बरोबर होतं! महिनाभराच्या खटपटीनंतर ज्या आकड्यापासून निघालो तोही शर्यतीतून बाहेर पडत नाही. आम्हाला त्या रात्री झोप नीट लागली नाही, हे कबूल करतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं आमच्या प्रयोगशाळेत एक-दोघांनी विचारलं. एका अनाम बाईंचा सूर अर्ध्या पट्टीनं इकडेतिकडे, त्यानं काय बिघडतं? एक रेकॉर्ड असेल तर फारसं नाही. पण हे सगळ्याच जुन्या रेकॉर्डना लागू आहे. जुन्या गायकांचे गळे फार चढे होते, त्यांच्या ताना अतिशय द्रुत होत्या, आता तसं गाणं राहिलं नाही, अशी विधानं आपण नेहमी ऐकतो. त्यांतली किती गायकाच्या गळ्यामुळे आणि किती गव्हर्नरच्या स्क्रूमुळे? वेग पाच टक्के चुकला तर तानही पाच टक्के जलद होते आणि स्वराचा डौल, आंदोलनाची गती, सगळंच बदलतं. ज्यांनी रेकॉर्डवरून गाणं उचललं त्यांनी ही चूकही उचलली असणार. शिवाय पूर्वी ही चूक दुरुस्त होण्यासारखी होती. रेकॉर्ड जागेवर होती. आता रेकॉर्डवरून संगणकात उतरवताना यंत्र ७८वर ठेवून मोकळं व्हायचं आणि मूळ रेकॉर्ड पुन्हा भंगारात, असं घडतं. वेगाची नोंद नसेल तर पुढच्या माणसाला चूक झाली हेही कळणार नाही.

भंगाराची भीती खरी आहे. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडून जाणाऱ्या लाखेचा तुटवडा पडला. १९४२ साली अमेरिकेत रेकॉर्डसाठीच्या लाखेत ७० टक्के कपात झाली आणि जुनी रेकॉर्ड आणून द्या तर नवी मिळेल, असे व्यवहार सुरू झाले. किती आवाज वितळले कोण जाणे. आपल्याकडे ७८च्या रेकॉर्डी इतर देशांपेक्षा जास्त काळ, १९६०च्या दशकातही निघत राहिल्या. बीटल्सची गाणीही इथे ७८वर आली आणि जगभरचे शौकीन आता ती शोधत फिरतात. मग कॅसेट आल्या आणि लाखेच्या थप्प्या माळ्यावरून मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात उतरल्या.

तिथून त्या ज्यांनी उचलल्या त्यांत संस्था थोड्या आणि वेडे जास्त. बँकेत, रेल्वेत, शाळेत नोकरी करणारी माणसं रविवारी धुळीत बसून मधल्या कोऱ्या भागात कोरलेले बारीक आकडे वाचायची. त्या आकड्यांवरून मुद्रण कधीचं, कुठलं, हे लावता येतं. १९९० साली मुंबईत या मंडळींची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली. तिच्या कामात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर पुढे होते. ‘रेकॉर्ड न्यूज’ नावाचं तिचं नियतकालिकही होतं. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांनी १८९९ ते १९०८ या काळातल्या ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय मुद्रणांची सूची १९९४ साली पुस्तकरूपानं काढली. गाण्याच्या वेडातून केलेलं हे काम कुठल्याही प्रयोगशाळेच्या नोंदवहीइतकं काटेकोर आहे. आमच्या रेकॉर्डवर मात्र तो आकडा नेमका लेबलाबरोबर खरवडला गेला आहे.

अशाच वेडाची एक गोष्ट न्यूयॉर्कची. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचे आवाज असलेली सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड पाठवायचं ठरलं. रॉबर्ट ब्राउन या संगीत अभ्यासकांनी केसरबाई केरकरांची भैरवी सुचवली. ती रेकॉर्ड बाजारात मिळेना. अखेर निवड समितीतल्या ॲन ड्रुयान यांना लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, न उघडलेल्या तीन प्रती मिळाल्या. केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या, आणि शिष्या ज्यांची एकही रेकॉर्ड नाही त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. हे माप कुठून आलं ते आता सांगायला नको.

त्या सोनेरी रेकॉर्डबरोबर सुई आणि पिकअपही आहे, आणि कव्हरवर फिरवण्याचा वेग कोरला आहे. मिनिट-सेकंद परग्रहावर कोणाला कळणार? म्हणून हायड्रोजनच्या अणूतल्या एका बदलाला लागणारा काळ, सेकंदाच्या अब्जांश भागाच्या ०.७ इतका, एकक धरला आणि त्यात एका फेरीचा काळ द्विमान अंकांत लिहिला: आपल्या हिशेबानं ३.६ सेकंद. वेगाबद्दल इतकी काळजी घेतलेली दुसरी रेकॉर्ड आम्हाला माहीत नाही. फक्त ज्या प्रतीवरून ती उतरवली, तिच्या मूळ मुद्रणाचा वेग काय होता, हे कव्हरवर नाही.

शाळेचं प्रदर्शन संपलं. फोनो आणि रेकॉर्ड आता काचेच्या कपाटात आहेत. शेजारी मुलांनी केलेली ७७ रेघांची चकती आणि आमच्या आग्रहावरून ७९ रेघांची दुसरी, जी ७५.९५ला थबकते. बाईंचं नाव आम्ही अजून ऐकतो आहोत. चरी झिजलेली आहे, पण ७६च्या आसपास शेवटचं ‘बाई’ स्वच्छ कळतं. पाकिटावर आम्ही पेन्सिलीनं लिहून दिलं आहे: वेग ७६, अधिक-उणे २.